मधल्या खोलीची फरशी

देवाजी गेल्यापासून मुर्रीच्या त्या घरात मधल्या खोलीतून सरळ कुणी चाललं नव्हतं. ओसरीतून आत आलं की डाव्या भिंतीला अंग घासत जायचं, कपाटाला वळसा घालायचा आणि मग स्वयंपाकघराच्या दारात पाय टाकायचा, अशी सगळ्यांना सवयच लागून गेली होती. एखादा पाहुणा सरळ निघालाच तर थोरली सून अल्का घाईनं म्हणायची, "इकून या, इकून." कारण विचारायची कुणाला गरज पडत नसे. खोलीच्या मधोमध एका फरशीचा कोपरा वर आला होता. त्यालाच पाय अडकून म्हातारा पडला, खुबा मोडून खाटेवर गेला आणि त्या खाटेवरून उठलाच नाही. खरं तर ती फरशी तेव्हाच उचलून फेकायला हवी होती. पण दुखणं झाकायचं सोडून मांडून ठेवायची या घराची खोड जुनी. फरशी तशीच राहिली आणि तिच्याकडे बोट दाखवून धाकट्याला नावं ठेवायला तीन वर्षं बरीच कामी आली.

आता मात्र इलाज नव्हता. पितरपाट, पितरांचा पंधरवडा, लागला होता आणि परवा देवाजींना पित्रांत मिळवायचं होतं. भावकी येणार, त्याच खोलीत पाट मांडले जाणार, दोन्ही मुलांनी जोडीनं बसून बापाला पाणी सोडायचं आणि मग पंगत. म्हणून थोरल्या वीरेंद्रनं रजा काढली, शालीकराम मिस्त्रीला बोलावलं आणि हातात खडू घेऊन त्याच्या मागे मागे फिरू लागला. तिरोड्याच्या शाळेत उभी नोकरी गणित शिकवण्यात गेलेली. हातात खडू असला की त्याला जगाचा हिशेब लागल्यासारखा वाटायचा.

शालीकराम थापीची मूठ एकेका फरशीवर आपटत होता. कडेच्या फरश्या खणखणीत बोलत होत्या. मधल्या साऱ्या बद्द.

"ये भी पोला है, गुरुजी."

वीरेंद्रनं गोल काढला. "आनि ही?"

"ये भी. बीच का पूरा गया समझो. निकालना पडेगा."

"कायनं झालं असंन असं?"

शालीकराम बालाघाटकडचा. आधीच्या मिस्त्रीला नावं ठेवल्याशिवाय कुठल्या मिस्त्रीचं काम सुरू होत नाही, तसं त्याचंही झालं नाही. त्यानं खाली वाकूनही न पाहता सांगून टाकलं, "माल कमजोर होगा. सीमेंट खाया किसी ने."

स्वयंपाकघराच्या दारात अल्का येऊन उभी राहिली. वड्यांसाठी भिजवलेल्या उडदाची साल हाताला चिकटलेली होती. "ऐकलं? मी म्हनली तं मी वाईट झाली. आता परका मानूस म्हनून राहिला."

"हळू बोल. माय बाहेर आहे."

"ऐकू दे ना. त्याईले का मालूम नाही?"

मिस्त्रीचं बोलणं ऐकून वीरेंद्रला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची मनातल्या मनात लाजही वाटली. पण बरं जास्त वाटलं, हे खोटं कशाला सांगा. फरशी बसवली तेव्हा तो तिरोड्यालाच होता. कामावर देखरेख होती धाकट्या लोकेशची, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोकेशनं गोंदियाच्या रस्त्यावर आपल्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानापुढं सिमेंटचा ओटा घातला. पुढं दोन पावसाळ्यांतच फरशी बद्द वाजू लागली. अल्कानं या दोन गोष्टी एकमेकींना जोडून दिल्या आणि सगळ्यांना ते पटलं. मग देवाजी पडले. खाटेवरून त्यांनी भावकीसमोर सांगितलं, "लोकेश माह्या तिरडीले खांदा नाही देनार." आणि तो देऊ दिला गेला नाही. मोक्षधामापर्यंत पोरगा सगळ्यांच्या मागून एकटा चालला, आणि वीरेंद्रनं पुढून एकदाही वळून पाहिलं नाही.

ओसरीतल्या खाटेवर त्यांची माय रुख्माबाई आतले ठोके ऐकत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. तिला उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, चेहरा कळायचा नाही. आभाळ सकाळपासून भरून होतं. धान गर्भावर आलं होतं, बांध्यांत पाणी तुंबून होतं, आणि राइस मिलच्या कोंड्याचा दमट वास ओसरीभर बसला होता. मिस्त्रीचं बोलणं तिनं ऐकलं. आत बद्द आवाज झाला की तिचा उजवा हात गोधडीवरून गोल फिरायचा आणि थांबायचा. त्या हाताची करंगळी अर्धीच होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या कापणीत शेजारणीच्या विळ्यानं गेलेली.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. पहिल्यांदा सुमनचा आवाज आला, मग सुमन. "माय वो, आली मी." दवनीवाड्याला दिलेली ही थोरली लेक. माहेरी येताना दोन्ही हात भरलेले असायचे. आज एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात लोकेशचं मनगट.

"चाल आत. दारात का उभा राहून राहिलास पाहुन्यासारखा?"

"आलो ना, ताई. सोड."

वीरेंद्र ओसरीत आला. दोघे भाऊ एकमेकांकडे न पाहता उभे राहिले. हे त्यांना चांगलं जमत होतं.

"आला?" वीरेंद्रनं विचारलं.

"मायनं बोलावली म्हनून आलो."

"मायनंच बोलावली. मी नाही."

"झालं का सुरू?" सुमननं पिशवी खाली ठेवली. "हे पाहा, मी एसटीतून उतरून याच्या दुकानात गेली आनि बखोटीले धरून आनली. परवा बाबूजीले पित्रांत मिळवाचं आहे. दोन पोरं असून एकच पाटावर बसलं तं भावकी थुंकंल आपल्यावर. तुमी दोघं आत्ताच्या आत्ता का ते करून टाका."

"माहं काहीच नाही," वीरेंद्र म्हणाला. "मी एकच म्हनतो. बाबूजीच्या फोटोसमोर यानं एकदा कबूल करावं. चूक झाली, सिमेंट नेलो. बस. मंग बसू दे पाटावर. माह्या मनात काही नाही राहनार."

"कर ना रे कबूल," सुमन लोकेशकडे वळली. तिला हे सोपं वाटत होतं. "तीन वर्स झाले. एक शब्द बोल आनि मोकळा हो."

लोकेश मायच्या पायाशी ओसरीच्या कडेवर बसला होता. नखांत ग्रीस, शर्टाचं एक बटण तुटलेलं. त्यानं मान वर केली.

"जे केलोच नाही ते कबूल कसा करू, ताई? दुकानात शपथ खाल्लो ना तुह्यासमोर. माह्या पोरीची शपथ खाल्लो. खांदा नाही देऊ देल्ला, सोसलो. आता पानी बी नका देऊ देऊ. पर चोर म्हनून बापाच्या पाटावर बसनार नाही मी."

"मंग फरशी कशी उठली?" अल्का आतूनच बोलली. "आपोआप? मिस्त्रीले विचारा ना, लोकेशभाऊ."

"तू पाहिलीस का वहिनी, मले सिमेंट नेताना?"

"पाहाले कायले पाह्यजे? ओटा तं साऱ्या गोंदियानं पाहिला."

"कोनी पाहिलं का पर?" हे सुमननं विचारलं. आतापर्यंत ती या वादात कायम वीरेंद्रच्या बाजूनं राहिली होती. पण दुकानातली ती शपथ तिच्या मनात अडकून बसली होती. लोकेश कसाही असला तरी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणारा नाही. "वीरेंद्र, तू पाहिलास?"

"मी तिरोड्याले होतो."

"मंग कोनीच नाही पाहिलं. आनि बापाच्या तोंडात ते घातलं कोनं?"

अल्काच्या हातातलं भांडं जोरात खाली आपटलं. वीरेंद्रनं बहिणीकडे पाहिलं. आजवर भावकीत, सासरी, सगळीकडे जिनं त्याचीच बाजू घेतली, तीच आज त्याच्यासमोर उलटी उभी राहिली होती, आणि त्याला तिचा मनस्वी राग आला.

"बस करा रे," रुख्माबाई म्हणाली. तिनं हात पुढं केला, लोकेशचं डोकं शोधलं आणि ते सापडल्यावर तिथंच हात ठेवला. "किती वाळला. चंदा खाले देते का नाही?"

"देते ना, माय."

"पाटावर बसशीन ना रे बाबू?"

तिचा हात लोकेशनं तसाच डोक्यावर राहू दिला.

आत शालीकरामनं छन्नी लावली. सगळ्यात पहिल्यांदा तीच, देवाजींची फरशी. दोन घाव घातले आणि फरशी खालच्या सिमेंटच्या थरासकट एका तुकड्यात सुटून आली. मिस्त्रीला जोर लावावाच लागला नाही. मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. "ये तो अपने आप आ रहा है," म्हणत त्यानं मधला भाग तासाभरात उघडा केला, तुकडे भिंतीशी रचले आणि रेती चाळायला अंगणात निघून गेला. चाळणीचा घसघस आवाज येऊ लागला.

अल्का झाडू घेऊन खोलीत आली. सुमन स्वयंपाकघरात डाळ वाटायला बसली होती, पाट्यावर वरवंटा रागानं फिरत होता. अल्काला नणंदेचं बोलणं लागलं होतं. बापाच्या तोंडात घातलं कोणी, म्हणे. घातलं असेल. पण खरं होतं म्हणूनच घातलं ना. तिनं एक मोठा तुकडा बाजूला करायला उचलला, त्याच्या वजनानं हात खाली गेला, आणि तो तिच्या हातून उलटा झाला.

सिमेंटच्या खालच्या अंगाला वाळवीची माती चिकटली होती. अल्कानं झाडूनं ती पुसली. खाली रेषा होत्या. अर्धगोल, एकीला लागून एक, जशी सारवताना बोटं फिरतात तशा. तीन रेषा लांब, आणि चौथी मधेच तुटलेली.

ती झाडू तशीच धरून खाली बसली. या घरात आल्यावर पहिल्या वर्षी सासूनं तिला हात धरून सारवण शिकवलं होतं. तेव्हापासून ती रेष तिच्या ओळखीची. अंगणात, ओसरीत, तुळशीभोवती, जिथं रुख्माबाईचा हात फिरला तिथं चौथी रेष अर्ध्यात संपायची, आणि नव्या सुनेनं त्यावरून केलेली थट्टाही सासूनं हसून घेतली होती.

मग तिला ती पहाट आठवली. फरशीच्या कामाचा पहिला दिवस. उजाडायच्या आत शेणाच्या वासानं तिला जाग आली होती. मधल्या खोलीत सासू उकिडवी बसून सारी भुई सारवत होती. "आजची आखरी," ती म्हणाली होती. "इतकी वर्स हिनं आपल्याले सांभाळलं. आता झाकून टाकनार तिले. अशीच उघडी कशी झाकाची?" अल्कालाही ते बरोबरच वाटलं होतं. तिनंच तर बादली भरून आणून दिली होती. मग आधीचा मिस्त्री आला, भुई खरवडून घ्यावी लागेल म्हणाला, आणि रुख्माबाईनं त्याचा हात धरला. पहाटेच सारवलेली भुई कुणी खरवडतं का? मिस्त्रीही इकडचाच. त्यानं चपला काढून ठेवल्या आणि सारवणावरच माल टाकला. लोकेश तिथं उभा होता. देवाजी होते. कुणाच्याच मनात काही आलं नाही. सारवलेल्या जागेचं वाईट होतं, असं या घरात कुणी कधी ऐकलं होतं?

शेण आणि त्यातलं गवत वाळवीनं सावकाश खाऊन टाकलं होतं. वर सिमेंट, खाली भुई, आणि दोघांच्या मधे काहीच नाही.

अल्काचा पहिला विचार तुकडा फोडून टाकायचा होता. कुणी पाहायच्या आत. हातोडी तिथंच पडलेली होती, ती तिनं उचललीसुद्धा.

"वहिनी, मिस्त्री बादली मांगून राहिला..."

लोकेश भिंतीकडच्या वाटेनं आत आला होता. त्यानं हातोडी पाहिली, मग तुकडा पाहिला. तो गुडघ्यावर बसला आणि आपली ग्रीसची बोटं त्या रेषांवर ठेवून पाहिली. चौथं बोट अर्ध्यातच थांबलं.

"बोलाव भाऊले," तो म्हणाला.

वीरेंद्र आला. त्यालाही काही सांगावं लागलं नाही. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला, मग छन्नीचं टोक त्यानं सिमेंटवर घासलं. पांढरी रेघ उमटली, कणही सुटला नाही. त्यानं दुसऱ्या तुकड्यावर घासलं, तिसऱ्यावर घासलं. दगडासारखा माल होता. त्यात कुणी काही कमी टाकलेलं नव्हतं.

"लोकेश," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला.

लोकेश या घडीची वाट पाहत आला होता. दुकानात पंक्चर काढताना, झोप लागत नसताना त्यानं मनातल्या मनात सगळं बोलून ठेवलं होतं. भावाला काय म्हणायचं, वहिनीला काय, मोक्षधामाच्या रस्त्यावर मागं वळून न पाहिल्याबद्दल काय. आता ओसरीत जाऊन ओरडावं, सुमनताईला हाताला धरून आणावं, भावकीला आजच बोलवावं असं त्याला वाटलं. छाती भरून आली. असा आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

आणि मग ओसरीतून काठीचा आवाज आला.

"का निघालं रे?" रुख्माबाईनं विचारलं. "फरशीच्या खालून का निघालं?"

ती येत होती. काठीनं उंबरा चाचपला, डाव्या भिंतीला हात लावला आणि नेहमीच्या वाटेनं आत आली. लोकेशनं तिच्या भिंतीवरच्या हाताकडे पाहिलं. अर्ध्या बोटाकडे. त्याच्या छातीतला आनंद तिथल्या तिथं मावळला. तिघांपैकी पहिल्यांदा हात त्याचाच हलला. त्यानं तो तुकडा उचलून उलटा करून ठेवला, फरशी वर आणि रेषा खाली.

"माय, तू कायले आलीस? पाय अडकंल," वीरेंद्र म्हणाला.

"सांगा ना रे. का निघालं?"

अंगणातली चाळणी नेमकी तेव्हाच थांबली.

"मी एक विचारते," रुख्माबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्या दिवशी पहाटे मी सारवली होती इथं. सारी खोली. मिस्त्री खरवडाले निघाला तं त्याचा हात धरली. अल्काले माहीत आहे. हे मले आता आता येते मनात. राती येते. त्यानंच तं नाही झालं? माह्या हातानंच तं नाही उठली ही फरशी? हे पडले ते... मीच तं नाही पाडली त्याईले?"

वरवंटा थांबला होता. सुमन दारात येऊन उभी होती. उलट्या ठेवलेल्या तुकड्यावर काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

वीरेंद्रनं तोंड उघडलं. खरं सांगायचं, असंच त्यानं ठरवलं असावं. शिक्षक माणूस, उत्तर दिसलं की ते लपवणं त्याला जमायचं नाही. "माय, ते असं आहे का..."

"सिमेंट कमी होतं, माय," लोकेश म्हणाला.

"काय?"

"सारवनानं काही होत नाही. सारवनानं कधी काही झालं का? सिमेंटच कमी पडलं. मीच नेलो होतो. ओट्याले."

अल्कानं पदराचा बोळा तोंडावर दाबला. वीरेंद्र भावाकडे पाहत राहिला. लोकेशनं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याचा पंजा वीरेंद्रच्या गुडघ्यावर येऊन घट्ट बसला, आणि वीरेंद्रला कळलं की बोलायचं नाही.

"तू?" रुख्माबाई म्हणाली.

"मी."

"आनि शपथ?" सुमन दारातून ओरडली. "पोरीची शपथ खाल्लास रे मेल्या! आत्ता, दुकानात! मी तुह्यापायी भावाले बोलली, वहिनीले बोलली!"

"खोटी खाल्लो, ताई."

सुमननं कपाळावर हात मारला आणि ती आत वळली. वरवंटा पुन्हा फिरू लागला, पहिल्यापेक्षा जोरानं.

रुख्माबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते तिघांनाही दिसलं, आणि तिघांनाही ते पाहवलं नाही. तीन वर्षांचं ओझं उतरत होतं तिच्या खांद्यावरून. तिनं लांब श्वास सोडला. डोळ्यांना पाणी आलं.

"म्हंजे हे बराबरच म्हनत होते," ती हळूच म्हणाली. "मीच त्याईले मनात नाव ठेवत होती. मरताना पोरावर खोटा आळ घेऊन गेले म्हनून. बराबरच होते बाप्पा." पदरानं तिनं डोळे पुसले. आणि मग, जीव हलका झाल्यावर, तिला राग आला. "बापाचा जीव गेला तरी बोलला नाहीस? तिकडे मी रात रात जागून राहिली आनि तू उजळ माथ्यानं शपथा खाऊन राहिलास?"

"हो, माय."

"परवा बस पाटावर. भावकीसमोर सांग बापाले. तोपर्यंत माह्या घरात आत नको बसू जेवाले. अल्का, याले बाहेर वाढ."

काठी टेकत, भिंत धरत ती ओसरीत परत गेली. खाटेवर टेकली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा दुपारची पडल्या पडल्या झोपली. तिच्या घोरण्याचा आवाज आत येत होता.

"फोडून टाक ते, भाऊ," लोकेश म्हणाला.

वीरेंद्रनं तुकडा मागल्या अंगणात नेला, पालथा ठेवला आणि हातोडी मारली. पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्याला नाही. शेवटी जोर लावून त्यानं त्याचे इतके बारीक तुकडे केले की पाहणाऱ्याला वाटावं याचा त्या दगडावरच राग आहे. मग आत येऊन शालीकरामला सांगितलं, सगळं खरवड, खालची कच्ची माती लागेपर्यंत खरवड, जरा बी ठेवू नको.

"वही तो बोला था मैंने," शालीकराम म्हणाला. "माल ही कम था."

"हो," वीरेंद्र म्हणाला.

दुपार टळत आली तेव्हा जेवणं झाली. अल्कानं लोकेशचं ताट ओसरीच्या पायरीवर, पागोळीच्या आत वाढलं. भात, डाळ, दोडक्याची भाजी. तूप वाढताना तिचा हात थांबेचना, भातावर तूप तरंगायला लागलं तरी ती ओतत राहिली.

"बस ना, वहिनी. का बुडवतेस मले?"

"लोकेशभाऊ, मी..."

"जा. माय उठंल."

ती गेली. लोकेशनं भात कालवला. मागून पावलं आली आणि वीरेंद्र आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसला. पाऊस भुरभुरायला लागला होता. समोर चाळलेल्या रेतीचा ढीग ओला होत होता, त्यावर पोतं टाकायला कुणी उठलं नाही. दोघे शेजारी बसून जेवल्याला किती दिवस झाले हे वीरेंद्रला आठवेना.

"लोकेश, परवा मी सांगतो साऱ्याईले. माय नसताना. भावकीले तरी खरं..."

"भावकीतून मायपर्यंत यायले किती वेळ लागते, भाऊ?"

"पर तू..."

"मी सोसलो ना. सवय आहे मले. तिले नाही." लोकेशनं घास घेतला. "मोक्षधामाच्या वाटेनं एकदा मांगं पाहाचं होतं रे तू. बस, तेवढंच. बाकी काही नाही."

वीरेंद्रचे डोळे भरून आले. त्यानं मान खाली घातली आणि भातात नुसती बोटं फिरवत राहिला. त्याला भावाची माफी मागायची होती, पण खाटेवर माय झोपली होती आणि ओसरी एवढी मोठी नव्हती.

खाट करकरली.

"कोन बसलं आहे रे त्याच्यासंग?" रुख्माबाईनं विचारलं. झोपेतून उठलेला, मोकळा आवाज होता तिचा.

तिनं पायरीकडे मान वळवून दोन सावल्या न्याहाळल्या.

"मी आहो, माय. वीरेंद्र."

"तू कायले बाहेर बसला?" ती म्हणाली. "तू काय केलास?"